नोंदवहीत नाही म्हणून ते टेपाड रिकामं नाही: आमच्या जैवविविधता समितीला खुलं पत्र

आमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, सामूहिक वनहक्काची समिती, सरपंच आणि ग्रामसेवक साहेब, सगळ्यांना नमस्कार.

तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी मला शाळेत जाताना बघितलंय, त्यामुळे मी कोण कुठली ते सांगत बसत नाही. या पत्राची एक प्रत पंचायतीत दिलीय, पोचही घेतलीय. तरी इथे सगळ्यांसमोर लिहितेय कारण शहापूर मुरबाडपासून जव्हार मोखाड्यापर्यंत कुठल्या वाडीत असंच झालं असेल तर तिथल्या लोकांनी पण वाचावं आणि आपापली वही एकदा उघडून बघावी.

गेल्या आठवड्यात बोर्डावर नोटीस लागली. नाल्यापलीकडच्या उतारावर वृक्षलागवड होणार, त्यासाठी पावसाच्या आधी जेसीबी लावून झाडोरा साफ करायचा आणि सलग समतल चर मारायचे. पुरुष त्या जागेला नुसतं नाल्यापलीकडचं म्हणतात. बायका तिला शेवळीचं टेपाड म्हणतात, कारण तिथे शेवळं येतात, म्हणजे भाजी करायचे रानकंदाचे कोंब. आणि नोटिशीसोबतच्या कागदात त्या जागेसमोर लिहिलंय, "पडीक, झुडपी, उपयुक्त वनस्पती आढळत नाहीत." मी विचारलं हे कुठून आलं, तर सांगितलं की आपल्याच लोक जैवविविधता नोंदवहीतून, म्हणजे गावातली झाडं-वनस्पती आणि त्यांची लोकांकडची माहिती लिहून ठेवायच्या वहीतून, पान २३.

ती नोंदवही मी टाइप केलीय. म्हणून मला गप्प बसवत नाहीये.

जानेवारी २०२० मध्ये मी कॉलेजला होते आणि पंचायतीत बसून रोजंदारीवर टायपिंग करत होते. तेव्हाची घाई तुम्हालाही आठवत असेल. जैवविविधता कायदा २००२ चा, त्यात प्रत्येक पंचायतीने समिती करायची आणि स्थानिक लोकांना विचारून नोंदवही बनवायची असं आहे, पण बऱ्याच ठिकाणी ते झालंच नव्हतं. मग राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले बघणाऱ्या न्यायाधिकरणाने, ३१ जानेवारी २०२० ही शेवटची तारीख दिली आणि त्यानंतर राज्याला महिन्याला १० लाख भरावे लागतील असं सांगितलं, आणि तो सगळा दट्ट्या वरून खाली येत येत आमच्या त्या एका कॉम्प्युटरवर आला. सर्वे करणारी माणसं दोन दिवस आली, चावडीवर बसली, सात-आठ जणांना विचारलं, एक फेरी रस्त्याकडेने मारली आणि कागद माझ्याकडे आले. मी टाइप केलं. माझ्या आईच्या तोंडची एक ओळ त्यात नाही हे मला तेव्हाच दिसत होतं आणि मी बोलले नाही, वीस वर्षांची होते, वाटलं सरकारी कामात आपण काय बोलायचं. आज बोलतेय.

पहिली तक्रार वेळेची. जानेवारीत आपल्या रानात काय दिसणार? शेवळं वळवाच्या पावसानंतर जमिनीतून वर येतात, रोहिणी ते मृग असा थोडासाच त्यांचा काळ. मग कवळी भाजी, टाकळा, कुर्डू, भारंगीचा कोवळा पाला, फोडशी, श्रावणाच्या आसपास कंटोळी, चाईचा मोहोर. यातलं बहुतेक दिवाळीनंतर वाळून जातं, कंद जमिनीखाली झोपलेले असतात, वर काडीसुद्धा नसते. त्या टेपाडावर जानेवारीत उभं राहून जो कोणी लिहील तो पडीकच लिहील, त्याला मी दोष देत नाही. पण ज्यांना तिथे जूनमध्ये काय असतं ते माहीत होतं त्या बाया तेव्हा चावडीपासून पन्नास पावलांवर नळावर होत्या आणि त्यांना कुणी हाक मारली नाही.

दुसरी, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी, माहिती देणाऱ्यांच्या नावांची. पूर्ण वहीत एकाही बाईचं नाव नाही. भगत आहेत, पोलीस पाटील आहेत, दोन माजी सरपंच आहेत. नमुन्यातच वैद्य, हकीम, पारंपरिक उपचार करणारे यांची यादी मागितलीय, आणि आपल्याकडे असं नाव लावून फिरणारे पुरुषच असतात. भाजी ओळखणाऱ्या बाईला आपण काही नाव दिलेलं नाही, ती स्वयंपाक करते एवढंच म्हणतो. जाणकार व्यक्ती म्हणून नावं लिहायला त्याच वहीत वेगळी जागा आहे, पण ती पानं भरताना सुद्धा आपल्याला एकही बाई सुचली नाही, अगदी आपल्या अर्ध्या वाडीची बाळंतपणं केलेली सुईण आजी तेव्हा हयात होती तरी.

आणि बघा, त्याच महिन्यात, २५ जानेवारी २०२० ला, राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झाली. घाट चढून वर गेलं की अकोले तालुका, तिथल्या कोंभाळण्याच्या त्या, शाळेत न गेलेल्या, गावठी बियाणं सांभाळलं म्हणून देशाने मान दिला. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुम्ही सगळ्यांनी त्यांचा फोटो टाकला, मीही टाकला. आपल्या वाडीतल्या बाईला मात्र त्याच आठवड्यात कुणी एक प्रश्न विचारला नाही.

मला इथे गैरसमज नकोय. बाईला निसर्ग उपजतच कळतो वगैरे जे भाषणात म्हणतात ते मला मान्य नाही. ज्याच्या वाट्याला जे काम त्याला त्यातलं कळतं. माझे बाबा नांगराला कुठलं लाकूड, आढ्याला कुठलं, बांबू कधी तोडला की किडत नाही, आग्या मोहोळ कुठल्या कड्यावर बसतं हे डोळे झाकून सांगतात, आणि ते सगळं वहीत व्यवस्थित आलंय, चांगलंच झालं. माझा एक चुलता कंटोळी आईपेक्षा चांगली शोधतो कारण त्याला बहीण नव्हती, लहानपणी आजीबरोबर टोपली घेऊन तोच जायचा. म्हणजे हे शिकण्यावर आहे. पण आपल्या वाडीत घरातल्यांच्या ताटात संध्याकाळी काय पडणार हा प्रश्न बाईच्या डोक्यावर आहे, म्हणून सरपणाला जाता येता, पाण्याला जाता येता, लावणीवरून परतताना तिची नजर वाटेच्या कडेला असते. पुरुष रानात लांब जातात, उंच चढतात, बायका जवळचं रान बघतात, नाल्याचा काठ, बांध, पायवाट, हे टेपाड. वहीत लांबचं रान आलं आणि जवळचं गळलं ते म्हणून.

आता शेवळाचंच बघा, कारण याच्यात नुसत्या मानापानाचा प्रश्न नाही. वहीत शेवळासमोर एवढंच आहे: "रानभाजी, पावसाळ्यात शिजवून खातात." आमच्या ओट्यावर आई शेवळं घेऊन बसली की काय करते सांगते. आधी बाहेरची सालपटं सोलायची. मग कोंब उभा चिरून आतला पिवळा भाग काढून टाकायचा, तो खाजरा. बारीक चिरायचं, हाताला तेल लावून. आणि काकडं असल्याशिवाय चूल पेटवायची नाही, काकडाची ती आंबट हिरवी फळं त्याच दिवसात झाडाला असतात, ती ठेचून त्याचं पाणी घालायचं, काकडं नसतील तर चिंच किंवा आमसूल, पण आंबट पाहिजेच, नाहीतर घसा धरतो. आजी तर म्हणायची काकडाचं झाड तोडलं त्याने शेवळं पण तोडली. हे एवढं सगळं त्या एका ओळीत नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेवर नवीन आलेल्या बाईंनी या वहीवरून केलेला तक्ता वाचून शेवळं घरी नेली आणि नुसती फोडणीला टाकली, रात्रभर घसा आणि जीभ खाजत होती, त्यांच्या लहान मुलाने खाल्ली नाही हे नशीब. अर्धं लिहिलेलं ज्ञान धोक्याचं असतं, आणि वगळलेलं अर्धं बायकांकडचं होतं.

कडूकंदाचंही तेच, "कंद, उकडून खातात." किती वेळा उकडून? राख कधी घालायची, चकत्या किती पातळ, वाहत्या पाण्यात किती वेळ ठेवायच्या, कडूपणा गेला की नाही ते चाखून कसं बघायचं? दुष्काळाच्या वर्षात याच कंदांवर आपली घरं जगलीयत असं तुमचेच आईवडील सांगायचे.

कंटोळीबद्दल एक सांगते आणि पुढे जाते. कंटोळीचा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. नर वेलाला फूल येतं, फळ कधीच येत नाही. बायका तो वेल उपटत नाहीत कारण तो गेला की शेजारच्या वेलालाही फळ धरत नाही. साफसफाई करणाऱ्या मजुराला किंवा जेसीबीवाल्याला हे कुणी सांगणार आहे का? तुमच्या कागदात तर दोन्ही वेल झाडोऱ्यातच मोडतात.

तिसरी गोष्ट, गावात ज्ञान कुठून येतं हेच वहीत चुकलंय. वर लिहिलंय "गावातील मूळ रहिवाशांकडून." मूळ रहिवासी म्हणजे पुरुष, कारण बायका तर सगळ्या बाहेरून आलेल्या. पण म्हणूनच त्यांच्याकडे जास्त आहे. माझ्या आईचं माहेर घाटावर, हिरड्याच्या पट्ट्यात. बाळहिरडा कधी झोडायचा, कसा वाळवायचा हे ती तिकडून शिकून आली. चाईचा मोहोर आमच्या घरात कुणी खात नव्हतं, तिने पहिल्या वर्षी केला तर आजीने ताटातून बाजूला सारला होता, आता तोच मोहोर आणायला आजीच्या वयाच्या बाया तिला जागा विचारतात. शेजारच्या काकू वाडा तालुक्याकडच्या, त्यांच्याकडे वेगळंच. एकेका सुनेबरोबर दुसऱ्या एका रानाची माहिती या वाडीत आलीय आणि आम्ही मुली लग्न होऊन जाऊ तेव्हा इथली घेऊन जाऊ.

परवा मी आई, दोन काकू आणि पलीकडच्या वाडीतल्या एका आजींना ओट्यावर बसवलं आणि वही घेतली. तुमच्या नोंदवहीत रानभाज्या १४ आहेत. त्यांनी दीड तासात ४३ नावं सांगितली, काही एकाच भाजीची दोन नावं निघाली ती कमी करून ३७ उरली. आणि त्या यादी सांगतात तशी सांगत नव्हत्या. नाल्याच्या पुलापासून सुरुवात केली, मग जांभळीपाशी काय, मग खडकाच्या अंगाला काय, मग टेपाडाच्या उन्हाच्या बाजूला काय, सावलीच्या बाजूला काय, अशा मनातल्या मनात चालत गेल्या. मध्ये एक काकू थांबल्या आणि म्हणाल्या, नाही गं ते मृगाचं नाही, आर्द्राचं, आणि सगळ्यांनी मान हलवली. ३७ पैकी ११ एकट्या त्या टेपाडावर आहेत. आढळत नाहीत असं छापलंय त्या जागेवर ११.

चौथी, मीटिंगची. कायद्याने या समितीत किमान एक तृतीयांश बायका हव्यात, आणि कागदावर त्या आहेत. सही घरी आणून घेतली जाते हे सगळ्यांना माहीत आहे, मी कुणाचं नाव घेत नाही. वनहक्काच्या नियमात पण ग्रामसभेत हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका असाव्यात असं आहे, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम पण आहे. पण मीटिंग ठेवता सकाळी अकराला, तेव्हा बायका कामावर किंवा रानात. आल्या तर दाराशी बसतात आणि विषय वाचून होईपर्यंत स्वयंपाकाची वेळ होते.

बांधावरच्या तणनाशकाचं पण इथेच सांगते, कारण तेही असंच ठरतं. फवारायचं की नाही हे घरातले पुरुष ठरवतात, पंप त्यांच्या पाठीवर असतो. ज्याला ते तण म्हणतात त्यात कुर्डू असतो, टाकळा असतो, आणि तो खुडायला बाई जाते तेव्हा तिला कळतही नाही की काल इथे फवारलंय. निदान सांगा तरी.

पाचवी. वनहक्क कायदा २००६ मध्ये फक्त जमिनीचा पट्टा नाहीये, गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या गोष्टी, गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क आहे, आणि जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क आहे असंही त्यात स्पष्ट आहे. कंदमुळं आणि औषधी वनस्पती गौण वनोपजाच्या व्याख्येत नावाने आहेत. मग ज्या उतारावरून बायका पिढ्यानपिढ्या भाजी आणि कंद आणतात तिथे चर मारायचं त्यांना न विचारता कसं काय ठरू शकतं? गडचिरोलीच्या मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तिथे ठराव सगळ्यांच्या सहमतीने करायची पद्धत आहे, बायका पण त्यात आल्या. आपल्यालाही हे जमेल.

झाडं लावायला माझा विरोध नाही. रस्त्याकडेची जागा आहे, शाळेमागची आहे, जुन्या खाणीची आहे, तिथे लावा, आम्ही पाणी घालायला येऊ. पण शेवळाचा कंद ज्या मातीत आहे ती दोन फूट खणून उलटी केली तर तो कंद परत तिथे यायला किती वर्षं लागतील कोण सांगणार? सफेद मुसळीचं आपल्या डोळ्यांसमोर झालंय, तिचाच कोवळा पाला म्हणजे फोडशी, व्यापारी आले, मुळासकट उपटून नेली, आता फोडशीच्या भाजीसाठी आई पूर्वीपेक्षा दुप्पट चालते.

म्हणून मागण्या सांगते, सरळ सरळ.

टेपाडावरचं जेसीबीचं काम थांबवा, किमान यंदाचा पावसाळा पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर काय करायचं ते महिला सभा आणि मग ग्रामसभा ठरवेल.

नोंदवही अद्ययावत केली असं दाखवून तीच परत मंजूर करू नका. एका फेरीत होणार नाही, वर्षात चार फेऱ्या हव्यात: वळवानंतर, आर्द्रात, श्रावणात आणि दिवाळीनंतर कंदांच्या वेळी. पुढे बायका चालतील, लिहिणारे मागे. त्या दिवसाची मजुरी त्यांना द्या, कारण त्यांचा कामाचा दिवस जाणार आहे. टायपिंग मी फुकट करीन, ती मला करायचीच आहे. पुरुषांकडची माहिती काढून टाका असं कुणीच म्हणत नाहीये, तिच्या शेजारी ही पण लिहा.

सांगणाऱ्या बाईचं नाव तिच्या परवानगीने लिहा, आणि जे लिहायचं नाही असं ती म्हणेल ते लिहू नका. कंदाच्या नेमक्या जागा उघड करायला पलीकडच्या वाडीतल्या त्या आजी तयार नाहीत, मुसळीचं बघितल्यावर त्यांची भीती खरी आहे. किती सांगायचं ते त्यांनी ठरवायचं.

पान २३ वरची ती ओळ खोडा, आणि चुकीची होती म्हणून खोडली असं सहीनिशी लिहा. शेवळं आणि कडूकंद यांच्या नोंदी कसं साफ करायचं, कसं शिजवायचं यासकट लगेच दुरुस्त करा, त्याला ग्रामसभेची पण वाट बघू नका.

समितीची मीटिंग संध्याकाळी सातनंतर घ्या. बायकांच्या सह्या मीटिंगमध्येच घ्या.

यावर लेखी उत्तर पाहिजे, जेसीबी यायच्या आधी.

मागच्या बुधवारी वळवाचा पहिला पाऊस झाला. काल संध्याकाळी आई टेपाडावर जाऊन आली, म्हणाली सावलीच्या बाजूला माती फुगलीय, दोन-तीन ठिकाणी कोंबाचं टोक दिसतंय. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही नाल्याच्या पुलापाशी जमणार आहोत, ओट्यावरच्या त्या चौघी आणि अजून ज्या येतील त्या. समितीतल्या सगळ्यांनी यावं, ग्रामसेवक साहेबांनी पण. काटे आहेत तेव्हा पायात बूट असू द्या, आणि येताना नोंदवहीची मूळ प्रत आणा. पान २३ आपण तिथे उभं राहून वाचू.

तुमच्याच वाडीतली,
ती वही टाइप करणारी मुलगी